सहभागी क्रमांक तीन

"मग यात मी कुठंय?" मी विचारलं.

"यात म्हणजे?"

"तुझ्या या सहा बायकांमध्ये."

मुलीने मान वर केली नाही. जेवणाच्या टेबलावर तिचे कागद पसरले होते आणि बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा मानसशास्त्राचा प्रकल्प आठ दिवसांत द्यायचा होता. "आई, विषय काय आहे? दुसऱ्यांची मुलं वाढवलेल्या बायका, त्यांना स्वतःची ओळख काय वाटते, आपण कुणाच्या आहोत असं वाटतं. तू दुसऱ्याचं मूल कधी वाढवलंस?"

"नाही. मी आपलं स्वतःचंच वाढवलं."

"तेच तर. अटीत बसत नाहीस तू," ती म्हणाली आणि सहा मुलाखतींच्या रेकॉर्डिंगचा लॅपटॉप माझ्या पुढ्यात सरकवला.

मी कोर्टात टंकलेखिका आहे. सोळा वर्षं साक्षी टाइप करते. लोक रडतात, ओरडतात, खोटं बोलतात, मी बोटं चालवते. त्यामुळे मुलाखती ऐकून कागदावर उतरवायचं काम घरातल्या घरात माझ्याकडे आलं यात नवल नव्हतं. तिने नियमही लिहून दिले होते. बोललेलं जसंच्या तसं लिहायचं, हसू आलं तर कंसात हसू, तीन सेकंदांच्या वर कुणी गप्प राहिलं तर तेही लिहायचं. नावं गाळायची, बायकांना नुसते क्रमांक. मला शिकवतेय, म्हटलं, कालची पोर.

सहभागी क्रमांक तीन म्हणजे माझी धाकटी बहीण.

आता इथे थोडं मागचं सांगायला हवं. मुलगी चार वर्षांची असताना तिचे वडील गेले. नोकरी मिळाली ती परगावच्या कोर्टात आणि राहायला मिळाली बायकांच्या वसतिगृहातली एक खाट. तिथे मूल चालत नव्हतं. धाकटीचं लग्न होऊन सहा वर्षं झाली होती, पण तिला मूल नव्हतं. ती म्हणाली, ताई, ठेव माझ्याकडे. मी ठेवली. ठेवली ती पाच वर्षं. दर रविवारी सकाळची बस पकडून मी यायचे आणि संध्याकाळच्या बसने परत जायचे. पोरगी दारात उभी असायची, कमरेला मिठी मारायची आणि म्हणायची, "आई, मला तुझी आठवण येते. मला इथे करमत नाही." त्या दोन वाक्यांवर मी पुढचे सहा दिवस काढायचे. वाईट वाटायचं, पण खरं सांगते, त्याहून जास्त बरं वाटायचं. धाकटी तिच्या वेण्या घालते, तिचा अभ्यास घेते, तापात उशाशी बसते, घालू दे, बसू दे. करमत तर नाही ना!

शनिवारी दुपारी मी हेडफोन लावून तीन नंबर सुरू केला. धाकटीचा आवाज मशीनमध्येही तसाच, तोंडात काहीतरी गोड असल्यासारखा. पोरीचे पडलेले पहिले दात, पोरीची शाळा, पोरीचं पोहायला शिकणं. माझ्या मुलीचं आयुष्य माझीच बहीण माझ्याच कानात मला ऐकवत होती. प्रत्येक वेळी ती "ताई" म्हणाली की नियमाप्रमाणे मला तिथे "मुलाची आई" असं टाइप करावं लागत होतं. चाळीस मिनिटांत मुलाची आई फारशी कुठे आलीच नाही. आली तेव्हा बसमधून आली नाहीतर बसने गेली. माझा नुसता जळफळाट होत होता आणि बोटं मात्र बिनचूक चालत होती.

शेवटी मुलगी म्हणाली, "धन्यवाद, वेळ दिल्याबद्दल." धाकटीने विचारलं, "झालं बंद?" मुलगी म्हणाली, "झालं."

झालं नव्हतं. पडद्यावरच्या पट्टीवर अजून अकरा मिनिटं शिल्लक दिसत होती.

आमच्या कोर्टात न्यायाधीश साहेब उठले की जे बोललं जातं ते टाइप होत नाही. हात बाजूला घ्यायचे हे मला इतर कुणापेक्षा चांगलं कळतं. मी घेतले नाहीत.

भांडी वाजली, नळ सुटला, मग मुलीचा आवाज आला. "मावशी, तुला म्हणून सांगते. कुणी घर म्हटलं ना, की मला अजून हेच घर आठवतं."

धाकटी सात सेकंद गप्प होती. मी मोजले. मग म्हणाली, "ताईला नको हं सांगूस हे. जीव तुटेल तिचा."

"नाही गं सांगणार."

"तेव्हासुद्धा तिला केवढं लागायचं. म्हणून तर तुला शिकवायचे मी. रविवारी आई आली की म्हणायचं, मला तुझी आठवण येते, मला करमत नाही. म्हणायचीस बाई पोपटासारखी!" आणि धाकटी हसली. मुलगीही हसली.

मी हेडफोन काढले, उठून तोंडावर पाणी मारलं आणि परत येऊन बसले. पाच वर्षांचे रविवार. बसच्या खिडकीशी बसून मी ती वाक्यं चघळत जायचे, आणि ती घोटून घेतली होती धाकटीने, पाढ्यांसारखी. दया केली होती तिने माझ्यावर. मुलगी नेली असती तर एक वेळ माफ केलं असतं, दया कशी माफ करायची?

मग मी एक गोष्ट केली, ती सांगायला लाज वाटते. मुलाखत उतरवून झाली की ते कागद सहभागी बाईला वाचायला द्यायचे, तिला नको असेल ते तिने खोडायचं आणि सही करायची, असा त्यांच्या कॉलेजचा नियम होता. म्हणजे धाकटी हे वाचणार होती. ताईला सगळं कळलंय हे तिला छापील अक्षरांत दिसणार होतं. मी धन्यवादच्या पुढची अकरा मिनिटं टाइप केली. पोपटासारखीसुद्धा. कंसात दोघींचं हसूसुद्धा.

मुलीने घाईत पानं मोजली, पिना मारल्या आणि न वाचता पिशवीत टाकली. रविवारी आम्ही दोघी धाकटीकडे गेलो. मी येते म्हटल्यावर मुलीला आश्चर्य वाटलं.

धाकटीने चष्मा लावला आणि ओळीखाली बोट धरून वाचायला बसली. मधूनच "अय्या, हे पण लिहिलंय?" म्हणत होती. मी समोरच्या खुर्चीत बसून तिच्या बोटाकडे पाहत होते. शेवटून दुसऱ्या पानावर बोट थांबलं. तिच्या मानेपासून कानापर्यंत लाली चढली.

"हे कुठून आलं?"

मुलीने पान ओढून घेतलं. वाचलं आणि माझ्याकडे वळली. "आई, धन्यवादच्या पुढचं तू टाइप केलंस?"

"माझ्याकडे जे आलं ते मी केलं."

"मुद्दाम केलंस तू."

"हो," मी म्हटलं. "मुद्दाम केलं."

धाकटीने टेबलावरचं पेन उचललं. "मला खोडता येतं ना गं? तूच म्हणाली होतीस."

"येतं," मुलगी म्हणाली.

ती एकेक ओळ खोडत गेली, सावकाश, ओळ जराही वाकडी जाऊ न देता. पोपटाच्या ओळीशी आली तेव्हा मान खाली ठेवूनच म्हणाली, "हे मी असंच बोलले, ताई. बढाई मारली. कुणी शिकवलं नव्हतं पोरीला. ती आपल्या मनानेच म्हणायची."

सोळा वर्षं मी साक्षीदार ऐकलेत. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माणूस केव्हा देतो ते मला ठाऊक आहे. मी मुलीकडे पाहिलं. एक शब्द ती बोलू शकली असती, कसलाही. ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसली होती.

"बरं," मी म्हटलं.

राहिली एक ओळ, घराची. धाकटीचं पेन तिच्यावर आलं आणि तिथेच राहिलं. "हे तुझं वाक्य आहे," ती मुलीला म्हणाली.

मुलीने माझ्याकडे पाहिलं. "खोड, मावशी."

धाकटीने ते खोडलं. बाकीच्या ओळींवर एकच रेघ होती, हिच्यावर रेघ ओढताना तिचा हात दोनदा थांबला. मला आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही, खोटं कशाला सांगू.

तिने सही केली. खाली साक्षीदाराची जागा होती. संशोधकाची सही तिथे चालत नव्हती आणि घरात त्या वेळी चौथं माणूस नव्हतं, म्हणून कागद माझ्याकडे आला. मी वाचला. न वाचता मी कशावरच सही करत नाही. वरील मजकूर सहभागीने माझ्यासमोर स्वखुशीने खोडला आहे, असं लिहिलं होतं.

"कर ना सही," मुलगी म्हणाली.

"या ओळीला नाही करणार."

"आई, आता परत नको सुरू करूस."

"बाकीचं तिने खोडलं, तिची मर्जी. ही ओळ तिने स्वखुशीने खोडली नाही. मी इथेच बसलेय, मला दिसलं."

"जाऊ दे ना ताई," धाकटी म्हणाली. "काय करायचंय मला ते ठेवून?"

ती चष्मा काढून पुसायला लागली. इतकी वर्षं मी तिच्याकडे पाहत आले ती माझी एक वस्तू तिच्याकडे राहिलीय अशा नजरेने. मुलगी नऊ वर्षांची झाली आणि मला बदली मिळाली, तेव्हा मी एका सकाळी पोरीची पेटी उचलून निघून आले होते. त्या दिवशी दुपारी धाकटी या घरात काय करत बसली असेल, हे मी तिला आजवर विचारलं नव्हतं.

घर म्हटलं की हेच घर. माझ्या मुलीने हे माझ्याबद्दल म्हणावं म्हणून मी काय दिलं नसतं? मी खोडलेल्या ओळीशेजारी समासात लिहिलं, "हा मजकूर कायम ठेवावा," आणि कागद धाकटीपुढे धरला. ती पाहतच राहिली, मग तिने तिथे सही केली. तिच्याखाली मी केली. साक्षीदाराचे सहभागीशी नाते, असा शेवटचा रकाना होता. तिथे लिहिलं, बहीण.

मुलगी कागद घ्यायला पुढे झाली, पण धाकटीने तो सोडला नाही. चष्मा लावून, रेघेच्या खालून अक्षरं शोधत, ती तेवढी एकच ओळ पुन्हा वाचत होती. मी चपला घातल्या आणि बाहेर जाऊन उभी राहिले.