नळीबाबाचा दोरा

गोदामामागच्या पटांगणात सकाळपासून रांग लागली होती. रांग खोकणाऱ्यांची, त्यामुळे दिसण्याआधी ऐकू यायची. नळीबाबा एकेकाच्या छातीवर पितळी नळी टेकवायचा, गाल आत जाईपर्यंत ओढायचा आणि थाळीत काळा ओला दोरा थुंकायचा. "उपटली करणी. आता औषध घ्याल तर पुन्हा रुजेल बरं." लोक हात जोडायचे.

शिवणकाम करणाऱ्या ताईने धाकट्या बहिणीला इथे तीनदा आणलं होतं. अडीच महिन्यांचा खोकला, संध्याकाळी बारीक ताप, ब्लाउज दोनदा आत घ्यावे लागलेले. दोरा निघाला की धाकटी दोन दिवस हसायची. चौथ्या खेपेला वाटेतच तिच्या रुमालावर रक्त आलं आणि ताईने रिक्षा दवाखान्याकडे वळवली.

डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो उजेडात धरला. "क्षय आहे. दोन आठवड्यांत खोकला थांबला नाही तेव्हाच थुंकी तपासायची होती. गोळ्यांनी बरी झाली असती."

"पण बाबांनी दोरा काढला होता हो."

"छातीत दोरा नसतो, बाई."

नवव्या दिवशी धाकटी गेली.

पुढच्याच आठवड्यात ताई एकटी रांगेत उभी राहिली. पुढे एका म्हाताऱ्याचा तंबाखूने घरघरणारा खोकला, त्याच्यापुढे कुणाचं साधं पडसं. मागे एका बाईच्या कडेवर तान्हं बाळ. श्वासागणिक त्याच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या.

"याला आधी दवाखान्यात ने गं," ताई म्हणाली.

"आता नंबर आलाच की आमचा."

म्हाताऱ्याच्या छातीतून दोरा निघाला. पडशाच्या माणसातूनही तोच निघाला होता. तो शिवणयंत्राचा दोरा होता, ताईच्या रोजच्या हातातला.

तिची पाळी आली. तिने तांब्या पुढे केला. "बाबा, आधी चूळ भरा."

"करणी चिडेल."

"चिडू दे. सगळ्यांसमोर भरा."

"भरा की," म्हातारा म्हणाला. "पाण्याला कसलं भिता?"

बाबा काहीतरी खेकसायला गेला आणि गालात लपवलेली दोऱ्याची गुंडाळी घशात सरकली. त्याला जबर ठसका लागला. थाळीत दोऱ्याच्या चार गुंडाळ्या पडल्या. रांगेत अजून उरलेल्या चार जणांसाठी ठेवलेल्या.

ताई बाळाच्या आईकडे वळली. "आत्ताच्या आत्ता निघ. धाप लागली, छाती आत जायला लागली तर तासभरही थांबायचं नाही." मग रांगेला म्हणाली, "पडशाचा खोकला आपोआप उतरतो. दोन आठवडे हटला नाही, रक्त पडलं, ताप राहिला, अंग झडलं, तर तपासून घ्या. मी अडीच महिने थांबले."