टिचकीचं ऊन

टिचकी ही खार धाकटीकडे आली ती मांजराच्या तोंडातून सुटून. जीव वाचला, पण पुढचा एक पाय गेला. "झाडावर सोडलीत तर टिकायची नाही," असं जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हा धाकटीला मनातून आनंदच झाला. नवरा महिनोन्महिने बोटीवर, मूलबाळ नाही, दिवसभर आपलं शिवणकाम. आता मशीनशेजारच्या पिंजऱ्यात खुडबुड करणारं कुणीतरी होतं.

वरच्या मजल्यावर थोरली जाऊ राहायची. ती रोपवाटिकेत कामाला. "अगं, चार भिंतींत काय कोंडतेस तिला? गच्चीवर पिंजरा करू. ऊन, वारा लागू दे." बाई नुसतं बोलून थांबणाऱ्यांतली नव्हे. सुट्ट्या खर्ची घालून तिने पुरुषभर उंच पिंजरा उभा केला, फांद्या बांधल्या, अर्ध्यावर छप्पर घातलं.

धाकटीने टिचकीला तिथे एकदाही नेलं नाही. मशीनशेजारची जागा रिकामी झाली असती, एवढंच कारण. जावेला मात्र तिने बेमालूम थाप मारली. "नेलं होतं, ताई. जाळीतून मांजराने पंजा घातला. भीतीने अर्धमेली झाली हो."

थोरलीचा चेहरा उतरला. "माझंच चुकलं गं. भोकं मोठी घेतली मी." मग रोज कामावरून आली की ती गच्चीवर बसून आतून बारीक जाळी ओवायची. तारेने बोटं सोलून निघाली. धाकटी ते बघायची आणि खाली येऊन मशीन आणखी जोरात हाकायची.

एका सकाळी टिचकीचे मागचे पाय उचलेनात.

"हाडं मऊ पडलीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ऊन मिळतं का हिला?"

"खिडकीशीच असते की."

"काच बंद असते?"

धाकटीने होकारार्थी मान हलवली.

"काचेतून आलेल्या उन्हाचा हाडांना उपयोग नाही. आणि खायला काय देता?"

"बिस्किटं."

बाईंनी औषध दिलं, बिस्किटं बंद केली, रोज कोवळं ऊन द्यायला सांगितलं. पाय कितपत सुधारतील ते सांगता येईना.

धाकटी टिचकीला घेऊन सरळ गच्चीवर गेली. थोरली जाळीचं टोक वळवत होती.

"ताई, मांजर आलंच नव्हतं. मी हिला इथे कधी आणलंच नाही."

थोरलीने पक्कड खाली ठेवली. स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. मग हात पुढे केला. "आण तिला इकडे. तुझ्याशी नंतर बोलते."

ते 'नंतर' काही लवकर उजाडलं नाही. थोरली रोज टिचकीचं बघायची, धाकटीशी कामापुरतं बोलायची. टिचकीचा एक पाय सुधारला, दुसरा फरफटत राहिला. थोरलीने फांद्या सोडून खाली बांधल्या.

आता धाकटी काज-बटणांचं काम घेऊन गच्चीवर बसते. हाक मारली की टिचकी तिच्याकडे एकदा बघते, आणि पाठ फिरवून उन्हात साल कुरतडत बसते. धाकटीला वाईट वाटतं. आणि अजूनही आपल्याला आपलंच वाईट वाटतंय, याची लाज त्याहून जास्त वाटते.