आधी वर्दी, मग बदल

आमच्या ताईचं पोट बोलण्यावर चालतं. आमच्या घरात तोंड सगळ्यांचंच चालतं, पण पैसे फक्त तिला मिळतात. थेट कार्यक्रमांच्या खाली ती ओळी टाकते. समोरचा बोलतो, आणि ज्यांना ऐकू येत नाही ते पडद्यावर वाचतात. पूर्वी हे काम ती टायपिंग करून करायची, ते पण असं की कीबोर्डातून धूर निघावा. मग मनगटांनी संप पुकारला. तेव्हापासून ती माइकमध्ये पुटपुटते आणि कॉम्प्युटर लिहितो.

आता या कॉम्प्युटरचं कसं असतं, तो आधी अंदाजाने काहीतरी लिहितो आणि पुढचे शब्द कानावर पडले की मागचं खोडून नीट करतो. ताईच्या पडद्यावर हे खोडणंच होत नव्हतं. चुकलेला शब्द तसाच, त्याला चिकटून सुधारलेला. एका सामन्यात एकच गोल तीनदा झाला. हरलेल्या संघाच्या लोकांनी फोन करकरून तिच्या एजन्सीचा जीव खाल्ला. एजन्सीने तिला बजावलं की असं पुन्हा झालं तर थेट काम बंद, मागच्या खोलीत बसून जुन्या रेकॉर्डिंगना ओळी लावायच्या.

"मला त्या खोलीत नाही बसायचं रे," ताई म्हणाली. "तिथे बोलायला कोणी नसतं."

हे ती मला सांगत होती, कारण ज्या चौकटीत तिचे शब्द उमटायचे ती माझी होती. म्हणजे आमच्या छोट्या कंपनीची. वेबपानावर लिहायची, खोडायची जी चौकट असते ना, ती आम्ही बनवतो.

आणि खरं सांगतो, चूक आमची नव्हती. तुम्ही लिहिता तेव्हा तुमची अक्षरं आधी ब्राउझरच्या हातात जातात. त्याने पानाला वर्दी द्यायची असते की बाबा, इथला मजकूर बदलतोय. पण प्रत्येक ब्राउझरची तऱ्हा वेगळी. पाहुण्यांसारखी. एक जण निघण्याआधी फोन करतो. दुसरा येऊन सोफ्यावर पाय पसरतो आणि मग सांगतो, आलोय बरं का. तिसरा काहीच बोलत नाही, बिस्किटांचा डबा रिकामा दिसला की आपण ओळखायचं. ताईच्या एजन्सीत नेमका हा तिसरा होता. एखादं बटण दाबलं तर तो निदान ते तरी सांगायचा, पण ताई बटण दाबतेच कुठे? ती बोलायची आणि तो आम्हाला कळवायचा, "काहीतरी झालं." कुठे, किती, कशाच्या जागी, त्याचा पत्ता नाही.

मग आम्ही अंदाज बांधायचो. आमच्या कोडमध्ये अशा अंदाजांचा एक कोपरा आहे, त्याला आम्ही जुगाडखाना म्हणतो. प्रत्येक ब्राउझरच्या खोडीवर एकेक ठिगळ. साध्या टायपिंगला ती ठिगळं पुरतात. ताईच्या वेगापुढे टराटरा फाटली.

ही वर्दी सगळ्यांनी एकसारखी द्यावी म्हणून ब्राउझरवाल्यांची एक समिती आहे. तिच्यात मी बरीच वर्षं घसा कोरडा करतोय. तिथे मतदान नसतं. अध्यक्षबाई एकेकाला विचारतात, "चालेल?" सगळे चालेल म्हणाले तरच ठराव. एक जरी अडला तरी विषय पुढच्या बैठकीत. आणि नेहमी अडणारा एकच, त्या तिसऱ्या ब्राउझरचा इंजिनियर. आम्ही त्याला पहाड म्हणतो. माणूस लाख आहे, दर बैठकीला सगळ्यांसाठी चॉकलेटं आणतो, पण जागचा हलत नाही.

माझं म्हणाल तर समितीत माझी कीर्ती वेगळीच. मागच्या बैठकीत मी चहाच्या सुट्टीत सगळ्यांच्या खुर्च्या जराजरा खाली केल्या होत्या. जेवणापर्यंत प्रत्येक जण आपली उंची घटली असं समजून मनातल्या मनात म्हातारा होत होता.

या बैठकीला मात्र मी दोन उद्योग केले. अध्यक्षबाईंना कमी ऐकू येतं, त्या भिंतीवरच्या ओळी वाचून बैठक चालवतात. त्यांना सांगून मी ओळी टाकायला ताईला बोलावून घेतलं. एजन्सीने पाठवलं, पण ही शेवटची संधी असं ऐकवून. दुसरा उद्योग मी कोणालाच सांगितला नाही. बैठकीचं टिपण सगळे मिळून एका पानावर लिहितात, ते पान भिंतीवर ओळींशेजारी दिसतं, आणि चालतं आमच्या चौकटीत. त्या पानापुरता मी जुगाडखाना बंद केला. वर ब्राउझरच्या प्रत्येक वर्दीला आवाज जोडला. आधी सांगणाऱ्याला सायकलचा भोंगा. नंतर सांगणाऱ्याला कुकरची शिट्टी. "काहीतरी झालं" म्हणणाऱ्याला बदक.

टिपणाची पाळी पहाडाची होती. तो मोबाइलवर लिहितो, अर्धा शब्द टाकायचा आणि वर सुचवलेला पूर्ण शब्द टिचकीने निवडायचा. त्याला त्याचा फार अभिमान. त्याने पहिला शब्द निवडला आणि स्पीकरमधून बदक ओरडलं. त्याने इकडेतिकडे पाहिलं. पुन्हा शब्द, पुन्हा बदक. भिंतीवर उमटलं, "बैठ बैठक सुरू सुर सुरू झाली."

दुसऱ्या ब्राउझरची बाई मदतीला धावली, तिने आपल्या लॅपटॉपवरून ती ओळ दुरुस्त करायला घेतली तर कुकरच्या शिट्ट्या. पहिल्या ब्राउझरवाल्याने हात घातला तर भोंगा. क्षणभरात सभागृहाचं बस स्टँड झालं. कुकरवाल्या बाई हसून हसून टेबलाला धरून बसल्या. अध्यक्षबाईंना आवाज नीट कळेना, त्यांनी भिंतीकडे पाहिलं. ताईने इमानदारीत ओळ टाकली होती: बदकाचा आवाज. कुकरचा आवाज. बदकाचा आवाज.

पहाड माझ्याकडे वळला. त्याला विचारावं लागलंच नाही की हे कोणी केलं.

"अहो, तुम्ही पान बिघडवलंय," तो म्हणाला.

"मी बिघडवलं नाही. तुमच्यावर पांघरूण घालत होतो, ते तेवढं काढलं."

आणि मी त्याच्या ब्राउझरने पानाला काय काय कळवलं होतं ते जसंच्या तसं भिंतीवर टाकलं. काहीतरी झालं. काहीतरी झालं. काहीतरी झालं. खालपर्यंत तेच. पहाडाने ते सगळं वाचलं आणि त्याचे कान लाल झाले. मला वाटलं, संपला विषय. पण पहाड तो पहाडच. त्याने फोन खाली ठेवला आणि आपली नेहमीची हरकत मांडली, आणि ती हरकत फालतू नव्हती, हे मलाही माहीत होतं. त्याचं म्हणणं, पानाला आधी वर्दी दिली की पानाला बदल रोखायचाही हक्क येतो. माणूस अर्ध्या शब्दात असताना कुठल्या तरी भिकार पानाने तो रोखला तर शब्द अधांतरी लटकणार आणि लोक शिव्या ब्राउझरला घालणार.

पहाड भराभरा बोलत होता आणि मागच्या टेबलावर ताई तितक्याच भराभरा पुटपुटत होती. तिच्या पानावर जुगाडखाना चालूच होता, त्याला मी हात लावला नव्हता. तरी भिंतीवर ओळी फाटायला लागल्या. पान पानाला रोख रोखायचा हक्क हक्क शब्द शब्द अर्धा. मी मागे पाहिलं. ताईने माइकवर हात ठेवला होता आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. माझं हसू तिथेच विरलं.

अध्यक्षबाईंनी चष्मा वर केला, पुन्हा खाली केला.

"तुमची हरकत मला वाचता येत नाहीये," त्या पहाडाला म्हणाल्या. "दोनदा वाचली. तुम्ही म्हणता काय?"

पहाड उत्तर द्यायला उठला आणि उभाच राहिला. त्याचीच हरकत, त्याच्याच ब्राउझरमध्ये अडकली होती. आता आपण काही बोललो तरी तेही तसंच उमटणार, हे त्याला कळलं होतं.

हीच वेळ होती, आणि इथे मी काही खोडी केली नाही. मी म्हटलं, रोखायचा हक्क आपण वाटून घेऊ. शब्द अर्धवट असेल, बोलून घडत असेल, तर पानाने त्याला रोखायचं नाही, तुमचं मान्य. बाकी सगळीकडे रोखता यायला हवं. पण वर्दी प्रत्येक वेळी, आणि बदलाच्या आधी: कुठून कुठपर्यंत, कशाच्या जागी काय. सरसकट रोखायचा हक्क मी इतकी वर्षं मागत होतो. त्यातला अर्धा मी तिथेच सोडला.

पहाडाने खिशातलं चॉकलेट काढलं, सोललं आणि सावकाश खाल्लं. मग म्हणाला, असं तर आमच्या चाचणीच्या ब्राउझरमध्ये कधीचं लिहून पडलंय. तुम्ही अर्ध्यावर याल असं वाटलं नव्हतं, म्हणून बंद ठेवलं होतं.

"मग चालू करा की," अध्यक्षबाई म्हणाल्या. हे मात्र त्यांनी ओठांवरून वाचलं असावं.

पहाड स्वतः उठून ताईच्या टेबलाशी गेला. तिने त्याला आधी चार शब्द सुनावले, ते भिंतीवर आले नाहीत कारण माइक बंद होता. मग त्याने तिच्या लॅपटॉपवर तो चाचणीचा ब्राउझर चढवला. मी आमच्या चौकटीत ताईच्या पानाचा जुगाडखाना बंद केला. अंदाज गेले, ठिगळं गेली, आता मध्ये फक्त वर्दी.

अध्यक्षबाईंनी विचारायला सुरुवात केली. चालेल? कुकरवाल्या बाई म्हणाल्या, चालेल. भोंगेवाला म्हणाला, चालेल. भिंतीवर आधी "चाल" आलं, क्षणभर थांबलं, आणि त्याच जागी "चालेल" झालं. एकदाच. मग पहाडाची पाळी आली. तो मुद्दाम भरभर, तोंडात चॉकलेट ठेवून, लांबलचक बोलला की शब्द अर्धवट असताना रोखायचा नाही या अटीवर आमच्या ब्राउझरला हा ठराव मान्य आहे आणि पुढच्या आवृत्तीत तो सगळ्यांसाठी चालू होईल. ताई पुटपुटत त्याच्या शब्दांमागून धावली. भिंतीवर शब्द चुकले, खोडले गेले, सुधारले आणि पूर्ण वाक्य स्वच्छ उभं राहिलं.

अध्यक्षबाईंनी ते एकदाच वाचलं. "ठराव मंजूर," त्या म्हणाल्या, आणि लगेच, "पुढच्या सगळ्या बैठकांना मला ओळी टाकायला हीच बाई हवी. एजन्सीला आत्ता कळवते."

त्यांनी तिथेच फोनवर ते लिहून पाठवलं. एजन्सीचं उत्तर आलं: मंजूर, थेट काम तिच्याकडेच. त्यांनी फोन ताईकडे वळवून धरला. ताईने वाचलं आणि मान खाली घातली, म्हणजे हिचे डोळे भरले हे मी ओळखलं. मग मला राहवलं नाही. मी खुर्चीवर चढलो, तिथून टेबलावर, आणि नाचलो. वयाला शोभेल असं नव्हतं. पहाड खालून टाळ्या वाजवून ताल धरत होता.

ताईने डोळे पुसले, माइक ओढला आणि पुटपुटली. भिंतीवर मोठ्या अक्षरांत उमटलं: टेबलावरच्या इसमाने खाली उतरावं, तो माझा धाकटा भाऊ आहे आणि त्याला कंबरेचा त्रास आहे.

अध्यक्षबाईंनी ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि टिपणात घ्यायला सांगितलं.