झोपलेल्या यंत्रांचं कलम

कार्यालयात तिला सगळे स्वल्पविराम म्हणत. एका स्वल्पविरामापायी तिने अख्खी बैठक जेवणाच्या सुट्टीपलीकडे ताणली होती, तेव्हापासून ते नाव चिकटलं ते चिकटलंच. तिला त्याचा राग नव्हता. इंटरनेटचं बोलणं तारेऐवजी टॉवरवरून, हवेतून न्यायचं तर यंत्रांनी एकमेकांशी कसं वागायचं, याचे नियम ठरवणाऱ्या समितीत मसुदा लिहायचं काम तिच्याकडे होतं. निरनिराळ्या कंपन्या तो मसुदा वाचून आपापली यंत्रं बनवणार होत्या. एका वाक्याचे दोन अर्थ निघाले, तर दोन यंत्रांची जन्मभर बोलाचाली बंद.

मसुद्याच्या पहिल्या पानावर नावं मात्र दोन होती. दुसरं मास्तरांचं. ते आधी कॉलेजात शिकवत, म्हणून मास्तर. दोघांची रीत ठरलेली होती: तिने वाक्य मोठ्याने वाचायचं आणि मास्तरांनी डोळे मिटून त्यातली खोट काढायची. “कोण पाठवतं? वाक्यात कुणी माणूस नाही, यंत्र नाही, आपोआप जातं का ते?” असं ते विचारत, आणि ती चरफडत वाक्य सुधारी. उन्हाळ्यात एका दुपारी जेवून उठताना मास्तरांच्या छातीत कळ आली आणि दवाखाना गाठेपर्यंत सगळं आटोपलं.

त्यानंतरही ती मोठ्याने वाचायची. वाक्य संपलं की थोडं थांबायची. एकदा प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ, ज्याला सगळे लंबू म्हणत, काही विचारायला दाराशी आला तेव्हा ती रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणत होती, “टॉवर पाठवतो, मास्तर. लिहिलंय की.” लंबू आल्या पावली परत गेला. तिने त्याला पाहिलं होतं. पण खुलासा करायचा तरी काय?

पुढचं घडलं ते प्रयोगशाळेत. इमारतीच्या गच्चीवर चाचणीचा टॉवर होता आणि समितीतल्या माणसांच्या घरी एकेक छोटं यंत्र दिलेलं होतं. त्याला सगळे डबी म्हणत. प्रत्येक डबीला आपला एक पत्ता लागतो. नवी डबी सुरू झाली की पत्ता घेण्याआधी ती सगळ्यांना विचारते, हा पत्ता कुणाचा आहे का? कुणी बोललं नाही, तर तो तिचा. त्या दिवशी लंबूने नवी डबी लावली, तिने विचारलं, आणि उत्तर आलं: आहे, माझा आहे. पत्ता मास्तरांच्या डबीचा होता.

तिने वहिनींना, म्हणजे मास्तरांच्या बायकोला, फोन लावला. वहिनी म्हणाल्या, डबी केव्हाच कपाटात ठेवून दिली आहे. मग प्रयोगशाळेतल्यांनी थट्टा सुरू केली. मास्तर तिथेही तपासायला बसलेत, असं कुणीसं म्हणालं आणि हसू अर्ध्यातच विरलं.

भुताखेतांवर तिचा विश्वास नव्हता. तिने टॉवरच्या नोंदी काढल्या आणि तासाभरात कारण हाती लागलं. डबीची बॅटरी वाचावी म्हणून तिला अधूनमधून झोपू देतात. झोपलेलीला दर वेळी उठवायला नको, म्हणून तिच्या वतीने टॉवरच उत्तर देतो. हे कलम मास्तरांचं. पण किती काळ उत्तर द्यायचं, ते मसुद्यात लिहिलेलंच नव्हतं. तिने तेव्हा मुदत घालायचा आग्रह धरला होता आणि मास्तर एरवी न अडणाऱ्या जागी अडून बसले होते. “झोपलेल्याला उठवायचं नाही, आणि तो गेला असं परस्पर ठरवायचंही नाही. आपण कोण ठरवणार?” शेवटी ते कलम नंतर पाहू म्हणून तसंच राहिलं होतं.

आता पाहणं आलं. समितीच्या अध्यक्षांनीही मुदत घालायला सांगितलं. नाहीतर बंद पडलेल्या यंत्रांचे पत्ते कायमचे अडकून पडतील. तिने सकाळी लिहायला घेतलं ते दुपार झाली तरी एकच वाक्य. ‘मुदत संपल्यावर ते यंत्र अस्तित्वात नाही असे टॉवरने समजावे.’ तिने ते मोठ्याने वाचलं आणि थांबली. वाक्यात खोट नव्हती. ती उठून व्हरांड्यात गेली आणि बराच वेळ आत आली नाही.

लंबूने तो नियम टॉवरमध्ये घातला. मुदत संपली, मास्तरांचा पत्ता सुटला, टॉवर गप्प झाला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आणि थोड्याच दिवसांनी, संध्याकाळी घरी निघायच्या वेळेला, लंबू तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

“नवी डबी लावायला घेतली, तर परत बोलला तो पत्ता,” तो हळूच म्हणाला. “आणि या वेळी टॉवर नाही. डबीच बोलतेय.”

तिने नोंदी पाहिल्या. तेच यंत्र, तोच पत्ता. जागं होतं, थोडा वेळ राहतं, पुन्हा जातं. मागच्या नोंदी चाळल्या तर पुष्कळ संध्याकाळी हेच, मधे काही दिवसांचा खाडा; मुदत त्यातच संपली होती. टॉवर डबीच्या वतीने बोलायचा म्हणून हे येणं-जाणं आजवर झाकलं गेलं होतं. लंबूने सोबत येऊ का विचारलं. ती नको म्हणाली आणि तशीच वहिनींकडे गेली.

वहिनींनी दार उघडलं, चहा टाकला, इकडचं तिकडचं विचारलं. डबीचं नाव काढताच त्यांची नजर कपाटाकडे गेली आणि परत आली.

“ओरडायला आलीस का गं?” त्यांनी विचारलं.

तिने मानेनेच नाही म्हटलं. तेव्हा वहिनींनीच कपाटातून डबी काढली, मास्तरांच्या टेबलावर ठेवली आणि सुरू केली. तीन बारीक दिवे. पहिला लागला: वीज आली. दुसरा लागला: टॉवर सापडला. तिसरा लुकलुकत राहिला.

“ते असताना घरी आले की आधी हिचं बटण दाबायचे, मग चपला काढायचे,” वहिनी म्हणाल्या. “हा तिसरा दिवा काय करतो, ते त्यांनीच मला सांगितलं होतं. विचारतोय म्हणे, इथे मी आहे ना? मग तो स्थिर होतो. कुणीतरी हो म्हटल्यासारखा. तेवढं बघते आणि बंद करते. फोनवर तुला सांगायला लाज वाटली.”

दिवा स्थिर झाला. दोघी त्याच्याकडे बघत बसल्या. खरं तर तो हो नव्हता. नाही म्हणणारं कुणी नसलं की दिवा स्थिर होतो, एवढंच. हे तिच्या ओठांपर्यंत आलं होतं. तिने चहा संपवला.

दुसऱ्या दिवशी तिने लंबूला नव्या डबीला वेगळा पत्ता द्यायला सांगितलं. मसुद्यात एक वाक्य वाढवलं: मुदतीनंतर परतलेल्या यंत्राने पुन्हा विचारावे, आणि जुना पत्ता मोकळा असल्यास तोच त्याला मिळावा. अध्यक्षांनी याची गरज काय विचारलं. तिने तांत्रिक कारणं सांगितली. ती खरीही होती. त्यानंतर कुठल्याही संध्याकाळी नोंदीत तो पत्ता उमटला की लंबू तिच्याकडे बघायचा, ती पडद्याकडे. आता ती वाक्यं मनातच वाचू लागली होती.

हिवाळ्यात मसुदा मंजूर झाला. चाचणी संपली आणि गच्चीवरचा टॉवर उतरवायचं ठरलं. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं. टॉवर बंद झाला त्या संध्याकाळी ती वहिनींच्या घरी गेली आणि सगळं समजावून सांगितलं. वहिनींनी ऐकून घेतलं आणि तरीही डबी काढून सुरू केली.

पहिला दिवा लागला. दुसरा लागेना, तो नुसता लुकलुकत राहिला.

“टॉवर शोधतेय,” ती म्हणाली. “सापडायचा नाही आता.”

“किती वेळ शोधेल?”

“बॅटरी आहे तोवर.”

तिने बंद करायला हात पुढे केला, तर वहिनींनी तो मध्येच धरला.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “आपण नको.”

काळोख पडत आला तरी त्यांनी खोलीत उजेड केला नाही. ती जायला निघाली तेव्हा वहिनी खुर्ची टेबलाजवळ ओढून बसल्या होत्या. दार हळूच लोटून ती जिना उतरली. खाली आल्यावर तिने वर पाहिलं. खिडकीच्या काचेवर तो बारीकसा उजेड येत होता, जात होता.