वरची पहिली दाढ

दातांच्या कॉलेजात नाव लागलं त्याच दिवसापासून घरचे तिला डॉक्टरीण म्हणायला लागले. तोवर तिने कुणाच्या तोंडात डोकावूनही पाहिलेलं नव्हतं. पहिल्या वर्षाला शिकवतात ते नुसते दात, तेही तोंडाबाहेरचे. कुठल्या दाताला किती मुळं, कुठल्या दाढेवर किती उंचवटे, खाच कुठून निघते आणि कुठे जाऊन विरते, उजवा कसा ओळखायचा आणि डावा कसा. कीड, दुखणं, औषध हा सगळा मामला पुढच्या वर्षांचा. पण हे घरी सांगणार कोण? आणि खरं सांगायचं तर सांगायची तिला तरी कुठे घाई होती!

आई-वडिलांच्या नोकऱ्या दूरच्या गावी, म्हणून ती शिकायला आत्याकडे राहत होती. आत्या एकटीच. पुढच्या खोलीत शिलाईचं मशीन मांडून लोकांचे कपडे सैल किंवा तंग करून द्यायची. गिऱ्हाईक माप द्यायला उभं राहिलं की गप्पांच्या ओघात त्याच्या दातांची चौकशी व्हायचीच, आणि मग आत हाक जायची, "डॉक्टरीण, जरा बाहेर ये गं, यांची दाढ ठणकतेय." बाहेर अर्धवट टाचलेल्या कोटात गिऱ्हाईक आ वासून उभं. डॉक्टरीण आत बघायची, गंभीरपणे "हं" म्हणायची आणि कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या करायला सांगायची. गुळण्यांनी कुणाचं वाईट होत नाही. एखाद्याला चुकून बरंही वाटायचं. मग तर आत्याला आभाळ ठेंगणं व्हायचं.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर डॉक्टरीण मेणाचे ठोकळे कोरत बसायची. कॉलेजात दात शिकायची रीतच तशी होती. नुसतं बघून दात कळत नाही, तो स्वतःच्या हाताने घडवावा लागतो. मेणाचा भुसा घरभर उडायचा, आत्याच्या चपलांना चिकटायचा, तिथून शिवायला आलेल्या कपड्यांवर जायचा. "लोकांना वाटायचं मी मेणबत्त्या शिवते," आत्या म्हणायची आणि झाडू घ्यायची. तिने एकदाही मेण दुसरीकडे नेऊन कोर असं म्हटलं नाही.

मेणाचं जमत होतं. रड होती ती खऱ्या दातांची. परीक्षेआधी प्रत्येकाने खऱ्या माणसांचे काढलेले दात जमवायचे, प्रत्येक जातीचा एकेक, स्वच्छ करून पेटीत लावून दाखवायचे. पेटी अपुरी असेल त्याला शिकवणाऱ्या मॅडम प्रात्यक्षिकाला बसू देत नसत. त्यामुळे वर्गातली सगळी मुलं बाटल्या घेऊन गावातल्या दवाखान्यांचे उंबरे झिजवत होती. पटाशीचे दात मिळत, सुळे मिळत. गाडी अडायची ती वरच्या पहिल्या दाढेपाशी. तिला तीन मुळं, तीही फाकलेली. काढताना एखादं हमखास मोडायचं. आणि जी दाढ काढायची वेळ येते तिचा माथा किडीने आधीच फस्त केलेला असतो. डॉक्टरणीच्या पेटीतला तेवढा एक कप्पा रिकामा होता आणि परीक्षा तोंडावर आली होती.

अशात आत्याची दाढ दुखायला लागली.

आधी तिने अर्थातच गुळण्या केल्या. गाल सुजला तेव्हा दोघी गल्लीच्या टोकाच्या दातांच्या डॉक्टरांकडे गेल्या. हे डॉक्टर म्हातारे, गमत्ये, आणि चांगली दाढ निघाली तर ठेवतो असं त्यांनी डॉक्टरणीला आधीच कबूल केलेलं. त्यांनी आत्याची दाढ ठोकून पाहिली, फोटो काढला.

"कीड आतल्या नसेला भिडलीय. पण दाढ दणकट आहे. नस काढून वर टोपी बसवता येईल, चार-पाच फेऱ्या माराव्या लागतील. तेवढा दम नसेल तर काढून टाकू. बोला, काय करू?"

आत्याला त्या खुर्चीचीच धडकी भरायची. गालात कापूस कोंबलेल्या अवस्थेत तिने मान वळवून भाचीकडे पाहिलं. "तू सांग बाई. तू म्हणशील तसं."

"बघा डॉक्टरीणबाई," म्हातारेबुवा हसत बाजूला सरकले आणि त्यांनी दिवा तिच्यासाठी वाकवला.

डॉक्टरणीने आत पाहिलं. एका खाचेत काळा ठिपका, बाकी सगळा माथा स्वच्छ. चारही उंचवटे असे ठसठशीत की पुस्तकातल्या चित्राने लाजावं. त्या क्षणी तिला आत्या दिसली नाही. तिला दिसली वरची, उजवी, पहिली दाढ. तिला नुसतं एवढंच म्हणायचं होतं की यातलं मला काही कळत नाही. पण तोंडातून निघालं ते भलतंच, आणि निघालंही अगदी गुळण्या सांगायच्या थाटात.

"काढूनच टाक आत्या. उगाच हेलपाटे कशाला? एकदा काढली की कटकट मिटली."

दाढ निघाली. तिन्ही मुळं शाबूत. म्हाताऱ्या डॉक्टरांनी ती कापसात गुंडाळून तिच्या हातात ठेवली, "घ्या, तुमचंही काम झालं." आत्याला बोलता येत नव्हतं, तरी तिने भाचीची पाठ थोपटली. आपल्या दुखण्याचा पोरीला उपयोग झाला याचंच तिला कोण कौतुक! पुढचे काही दिवस येईल त्या गिऱ्हाइकाला ती ऐकवत होती, "मी शाळा अर्ध्यात सोडली, पण माझी दाढ कॉलेजात जाते हो."

गिऱ्हाइकं हसायची. आतल्या खोलीत डॉक्टरीण दार लोटून घ्यायची.

ती दाढ तिने रात्रभर औषधात बुडवून ठेवली होती, मग ब्रशने घासून लख्ख केली. दिव्याखाली फिरवून पाहताना तिला आतल्या बाजूला एक पाचवा, चिमुकला उंचवटा सापडला. तो सगळ्यांना नसतो. घराण्यात असला तर असतो. तिची जीभ आपोआप स्वतःच्या वरच्या दाढेकडे गेली, आणि तिथेही तो होता. मग तिने काळ्या ठिपक्यात सुई घालून पाहिली. सुईचं टोक कसंबसं आत शिरलं. भोवतालची सगळी दाढ दगडासारखी घट्ट होती.

डॉक्टर म्हणाले होते ना दोन्ही चालेल, असं तिने स्वतःला समजावलं. आत्याला तरी खुर्चीत परत बसायचं कुठे होतं? पण मनाची समजूत काही केल्या पटत नव्हती. जेवताना आत्या घास डावीकडे सारायची. संध्याकाळी भाजलेले दाणे चघळत मशीन चालवायची तिची सवय होती, आता दाण्यांचा डबा फडताळातून बाहेर येत नव्हता. मशीन चालवताना मधेच थांबून ती जिभेने खळगा चाचपायची. सगळ्यात वाईट म्हणजे, त्या दाढेवरून डॉक्टरीण खरोखरच शिकली. मेणात तिचा हात इतका बसला की वर्गातली मुलं तिचं कोरीवकाम बघायला येऊ लागली. आपण आत्याच्या तोंडातला ऐवज काढून हुशार झालो, हे तिला कळत होतं आणि कुणाला सांगता येत नव्हतं.

पेट्या तपासायच्या दिवशी मॅडम तिच्या टेबलाशी आल्या आणि ती दाढ उचलून खिडकीजवळ घेऊन गेल्या.

"सगळ्यांनी इकडे या. अशी दाढ पुन्हा बघायला मिळणार नाही." मुलं गोळा झाली. मॅडमनी तिन्ही मुळं दाखवली, खाचा दाखवल्या, पाचवा उंचवटा दाखवला. मग चष्मा कपाळावर सरकवून त्या काळ्या ठिपक्याकडे बघत राहिल्या. "ही काढली कुणी? नस काढून टोपी घातली असती तर या माणसाला जन्मभर पुरली असती. कुठून आणलीस?"

"दवाखान्यातून, मॅडम."

"माणसाचं वय काय होतं?"

"माहीत नाही."

मॅडमनी तिला वर्गात सगळ्यात जास्त गुण दिले.

घरी आली तेव्हा मशीन बंद होतं. आत्या डाव्या गालाला तळहात लावून खुर्चीत बसली होती.

"आलीस? बघ, आता ही बाजू धरली. सगळा भार हिच्यावरच पडतोय ना." आत्या कण्हत हसली. "मी म्हटलं, तू आल्यावर विचारू. ही पण तुझ्या कामाची असेल तर काढून टाकते. तिथे पेटीत तरी नीट राहील."

डॉक्टरीण दारातच उभी राहिली. खांद्यावरची बॅगही तिने उतरवली नाही.

"आत्या, ती पहिली काढायची नव्हती."

"कोणती?"

"उजवीकडची. राहिली असती ती. मला परीक्षेला हवी होती, म्हणून मी काढ म्हणाले."

आत्याने गालावरचा हात खाली घेतला. मग तिने भाचीकडे पाहिलं, नवं गिऱ्हाईक दारात आल्यावर बघायची तसं.

"मागितली असतीस तर दिली असती की गं," ती म्हणाली. "दाढेचं काय एवढं! पण मी तुला विचारलं होतं. खुर्चीत बसून, घाबरलेली असताना विचारलं होतं."

डॉक्टरणीला रडू फुटलं. आत्याने तिला जवळ घेतलं नाही.

"आणि हिचं काय करायचं?" आत्याने डाव्या गालाकडे बोट दाखवलं.

"मला खरंच नाही कळत, आत्या. पहिल्या वर्षाला ते शिकवतच नाहीत."

"हे तेव्हा म्हणायला काय झालं होतं?"

आत्या उठली, स्वयंपाकघरात गेली, पातेलं गॅसवर चढवल्याचा आवाज आला. तिथूनच तिने सांगितलं, "उद्या सकाळी डॉक्टरांकडे जायचंय. एकटीला मला भीती वाटते, तेव्हा चल माझ्याबरोबर."

"हो, येते ना."

"पण आत येऊ नकोस. तू बाहेर बस."