उन्हात ठेवलेली लेन्स

दिग्दर्शक यायला अर्धा तास उरला होता आणि कॅमेरावालीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. वडिलांच्या फोटो स्टुडिओतली जुनी लेन्स खिडकीत, भर उन्हात ठेवलेली होती आणि तिचा पिवळेपणा साफ गेला होता.

"तू लोकेशन बघायला गेलीस त्या दिवसापासून ऊन देतोय," नवरा शाबासकीच्या आशेनं म्हणाला. "उन्हानं काच निवळते, असं वाचलं मी. बघ, कशी लख्ख झाली!"

माणूस स्वभावानं सोन्यासारखा, फक्त त्याची मदत महागात पडते. वयानं पिवळ्या पडलेल्या त्या काचेतून कुणाचाही चेहरा तिन्हीसांजेच्या उजेडात बसल्यासारखा दिसे. हा तिचा पहिलाच सिनेमा. तो याच लेन्सवर काढायचा, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. दिग्दर्शकाचा जीव मात्र भाड्याच्या नव्याकोऱ्या लेन्सवर होता. आज दोन्ही बघून तो काय ते सांगणार होता.

"अरे, तो पिवळेपणाच तर हवा होता मला!" ती ओरडली आणि तिला रडूच आलं.

नवऱ्याचं तोंड एवढंसं झालं. एरवी लेन्सच्या चाचणीला कॅमेऱ्यासमोर तोच दात दाखवून, खांबासारखा बसायचा. आज मान खाली घालून तिच्याकडे चोरून बघत बसला.

दिग्दर्शक आला. पडद्यावर आधी नवी लेन्स लागली. नवऱ्याच्या दाढीचा केस न् केस मोजून घ्यावा! मग जुनी लागली. कडा विरघळल्या, मागच्या दिव्याभोवती मऊ वलय आलं आणि मधोमध तो ओशाळलेला चेहरा उरला. पिवळेपणा नव्हता, पण बाबांच्या फोटोंतली माया जागच्या जागी होती. तिचा जीव भांड्यात पडला. आता दिग्दर्शकालाही ती माया दिसायला हवी होती.

त्यानं दोन्ही लेन्स पुन्हा एकदा आलटूनपालटून लावायला सांगितल्या.

"नवीत हा चोर वाटतो," तो शेवटी म्हणाला. "जुनीत वाटतं, जाऊ दे, माफ करून टाकावं याला. जुनीच घ्या."

तो गेल्यावर नवऱ्यानं हळूच विचारलं, "तो पिवळा रंग परत येतो का गं?"

"येतो. अंधारात ठेवली की आपोआप. पण वर्षं लागतात."

"किती?"

"आपण म्हातारे होऊ तोवर."

"मग सिनेमा झाला की ठेव कपाटात. पिवळी झाली की चाचणीला मीच बसणार."

"बस. फक्त तोवर तिला ऊन दाखवू नकोस," ती डोळे पुसत म्हणाली.