दुसरं ताट

वजन उतरल्याशिवाय गुडघ्याचं ऑपरेशन नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ऑपरेशन नाही तर जिने चढणं बंद, आणि जिने बंद म्हणजे घर सोडून लेकीकडे जाणं. ते मला नको होतं. बायको गेली ती याच घरात.

आहार ठरवून देणाऱ्या बाईंनी काट्यावर उभं केलं. वजन उलट वाढलेलं.

"काका, खरं सांगा. सांगितलंय तेवढंच खाता?"

"तेवढंच. वर चिमूटभर नाही."

"मग बाबा, हवा खाऊन फुगता का?" सोबत आलेली लेक म्हणाली.

घरी आलो तरी बसवेना. खिडकी उघडली, लावली. फ्रिज उघडला, लावला.

"एका जागी बसा हो! मलाच चक्कर येतेय."

मी ओट्याशी गेलो. भांडं नेहमीचंच, तांदूळही नेहमीएवढाच. हाताला दुसरं माप येत नाही. दोन ताटं घेतली. माझ्यात बाईंनी सांगितलेलं मोजकं. समोरच्यात भाताचा डोंगर, वर भाजी.

"हे कुणाचं?"

"आईचं."

"आणि नंतर ते जातं कुठे?"

"टाकू की काय? अन्न टाकलेलं तिला खपायचं नाही. मी संपवतो."

"मग बाईंना सांगितलं का नाहीत?"

"ते माझं जेवण कुठंय?"

ती हसायला गेली आणि तिचे डोळे भरले. मग आईच्या खुर्चीत बसून तिने ते ताट ओढलं. माझा हात आपोआप त्या ताटाकडे गेला.

"बसा."

निम्म्यावर ती थांबली. "एवढं आईला तरी जायचं का?"

"छे! अर्धं माझ्या ताटात ढकलायची."

"मग एवढं वाढता कशाला?"

"कमी वाढलं तर ती लवकर उठेल."

बोलून गेलो तेव्हा माझं मलाच कळलं. लेकीने पथ्याचं नाव काढलं नाही, रागावलीही नाही. आईच्या खुर्चीतून उठलीही नाही.

दुसऱ्या दिवशी धुवायला घेतलेल्या तांदळातली एक मूठ परत डब्यात टाकली. मूठ उघडायलाच वेळ लागला. समोर बायकोचं ताट मांडलं, त्यात एक चमचा भात वाढला. दोघांचं जेवण लगेच आटपलं. पुढे काय करायचं, सुचेना. पाय वळवळत होते. कठडा धरून जिना उतरलो, आणि कण्हत कण्हत परत वर आलो.